विश्लेषण : शर्यत जिंकली, पण सुवर्णपदक गेलं! स्पीडवेच्या जोडी स्पर्धेतलं हे गणित काय आहे?

जून २०१८. पोलंडमधल्या व्रोत्स्वाफ शहरातलं ऑलिम्पिक स्टेडियम. 'स्पीडवे ऑफ नेशन्स' या मोटरसायकल शर्यतींच्या नव्या जागतिक स्पर्धेची शेवटची शर्यत. एका बाजूला ग्रेट ब्रिटनचे दोन रायडर, दुसऱ्या बाजूला रशियाचे दोन. ट्रॅकला चार फेऱ्या, जेमतेम एक मिनिटाचा खेळ. ब्रिटनचा ताय वॉफिंडन सगळ्यांच्या आधी अंतिम रेषा ओलांडतो आणि सुवर्णपदक मिळतं रशियाला.

गुणफलकावर काही चूक झाली नव्हती. वॉफिंडनच्या मागे दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकावर एमिल सायफुतदिनोव्ह आणि अर्तेम लागुता हे दोघे रशियन होते. वॉफिंडनचा साथीदार मात्र शेवटी राहिला. नियमानुसार तेवढ्यावर निकाल लागला. त्याच वर्षी पुढे वॉफिंडन वैयक्तिक विश्वविजेता झाला. म्हणजे एकट्याने शर्यती जिंकण्यात त्या वर्षी त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. तरीही ही स्पर्धा त्याच्या हातून निसटली.

पहिला येऊनही हरायला लावणारी ही स्पर्धा नेमकी आहे काय? तिचे नियम असे का आहेत? आणि शर्यतींवर सत्ता गाजवणारा पोलंडसारखा देश इथेच का अडखळतो?

स्पीडवे म्हणजे काय?

आपल्याकडे मोटरसायकल शर्यत म्हटलं की मोटोजीपी आठवते. गुळगुळीत डांबरी ट्रॅक, ताशी ३०० किलोमीटरच्या पुढचा वेग. किंवा मग पुण्यात २०२४ मध्ये सुरू झालेल्या लीगमुळे ओळखीचं झालेलं सुपरक्रॉस, ज्यात मातीच्या उंचवट्यांवरून गाड्या उडवतात. स्पीडवे या दोन्हींपेक्षा वेगळा.

इथे ट्रॅक लंबगोल आणि छोटा असतो. एक फेरी साधारण २६० ते ४२५ मीटरची. जमीन सपाट, त्यावर मुरमासारख्या बारीक खडीचा आणि मातीचा थर. एका शर्यतीत चार रायडर. सगळे घड्याळाच्या उलट दिशेने चार फेऱ्या मारतात, म्हणजे फक्त डावीकडे वळतात. सुरुवातीला समोर ताणलेल्या फिती झटकन वर जातात आणि चौघं एकदम सुटतात.

गाडीही जगावेगळी. एकच सिलिंडर असलेलं ५०० सीसीचं इंजिन, इंधन म्हणून मिथेनॉल, वजन जेमतेम ७७ किलोच्या आसपास. शर्यतीत बदलायला गिअर नाहीत, एकच गिअर. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ब्रेक नाहीत. पुढेही नाही, मागेही नाही. अशी गाडी साधारण तीन सेकंदांत ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठते.

या गाड्यांमधलं एक नाव आपल्या घराघरांत माहीत आहे, ते म्हणजे जावा. आपल्या आधीच्या पिढीने म्हैसूरच्या कारखान्यातून आलेल्या जावा आणि नंतर येझदी चालवल्या. त्या जावाचं मूळ चेकोस्लोव्हाकियात. तिथल्या दिविशोव्ह गावातली 'एसो' ही स्पीडवेच्या गाड्या बनवणारी कंपनी १९६४ मध्ये जावात विलीन झाली आणि त्यानंतर स्पीडवेच्या ट्रॅकवर जावाच्या गाड्यांचा काळ सुरू झाला. पुढे इटलीच्या जीएम इंजिनांनी त्यांना मागे टाकलं.

ब्रेक नसताना वळतात कसे?

घसरून. वळण आलं की रायडर गाडी डावीकडे झुकवतो, अ‍ॅक्सिलरेटर पिळून मागचं चाक मुद्दाम घसरवतो आणि पुढचं चाक उलट दिशेला, म्हणजे उजवीकडे वळवतो. डाव्या बुटाला लोखंडी तळवा असतो. तो जमिनीवर घासत रायडर तोल सांभाळतो. गाडी आडवी सरकत वळण घेते आणि त्या घसरण्यातूनच तिचा वेग आटोक्यात राहतो.

ब्रेक नसणं ऐकायला भयंकर वाटतं. पण चार गाड्या एकमेकींना चिकटून घसरत असताना एकाने अचानक ब्रेक मारला, तर मागच्यांना वाचायला जागाच उरणार नाही. म्हणून ब्रेक नसणं ही इथली सुरक्षेची अट मानली जाते. शिवाय इंजिन बंद करणारी एक दोरी रायडरच्या मनगटाला बांधलेली असते. तो पडला की दोरी ओढली जाते आणि इंजिन बंद पडतं.

ट्रॅकवर वाटा दोन असतात. आतली वाट जवळची, पण तिथली माती लवकर उडून जाते आणि पकड कमी होते. बाहेरची वाट लांबची, पण उडालेली माती तिथे साठते आणि चाकाला जोर मिळतो. मागे राहिलेल्याच्या तोंडावर पुढच्याच्या चाकाने उडवलेल्या मातीचा मारा होतो. म्हणून स्पीडवेत पहिल्या वळणावर जो पुढे निघाला, त्याने निम्मी शर्यत मारली असं समजतात.

जोडीची स्पर्धा कशी होते?

नेहमीच्या वैयक्तिक शर्यतीत चौघं एकमेकांचे प्रतिस्पर्धी. जोडी स्पर्धेत दोन देश समोरासमोर असतात, प्रत्येकी दोन रायडर. एका जोडीची हेल्मेटं लाल आणि निळी, दुसरीची पांढरी आणि पिवळी. तिसरा रायडर राखीव. स्पीडवे ऑफ नेशन्सच्या सुरुवातीच्या वर्षांत तो २१ वर्षांखालचा असावा लागे.

अंतिम टप्प्यात सात देश असतात. प्रत्येक जोडी बाकीच्या सहा जोड्यांशी एकेकदा भिडते. अशा एकूण २१ शर्यती होतात आणि सगळ्या शर्यतींच्या गुणांची बेरीज होते. पण सर्वाधिक गुण मिळवले म्हणून लगेच सुवर्णपदक मिळत नाही. पहिल्या क्रमांकाचा देश थेट शेवटच्या शर्यतीत जातो. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या देशांना एकमेकांशी एक शर्यत खेळून तिथली उरलेली जागा मिळवावी लागते. मग चार फेऱ्यांच्या त्या एकाच शर्यतीवर विश्वविजेतेपद ठरतं.

सगळी गंमत, आणि सगळं दुःखही, त्या एका मिनिटात असतं.

मग पहिला आलेला हरतो कसा?

स्पीडवेत गुण देण्याची जुनी रीत अशी : पहिल्याला ३, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १, चौथ्याला शून्य. एका शर्यतीत एकूण सहा गुण.

समजा, एका जोडीचे दोघे पहिले आणि दुसरे आले. त्यांचे ५, समोरच्यांचा १. पहिले आणि तिसरे आले, तर ४ विरुद्ध २. पण एका जोडीचा एक जण पहिला आणि दुसरा शेवटचा आला तर? ३ अधिक शून्य, म्हणजे ३. समोरच्यांचे दुसरा आणि तिसरा, म्हणजे २ अधिक १, तेही ३. बरोबरी!

वैयक्तिक स्पर्धेत हा प्रश्न येत नाही. पण एकाच शर्यतीवर सुवर्णपदक ठरणार असेल, तर बरोबरी फोडावीच लागते. नियम करणाऱ्यांनी कौल दिला तो दुसऱ्या आणि तिसऱ्या आलेल्या जोडीच्या बाजूने. जोडीची स्पर्धा आहे, तर दोघांनी मिळून काय केलं ते मोजायचं, हा त्यामागचा विचार. २०१८ मध्ये व्रोत्स्वाफला नेमकं हेच झालं. गुण ३-३ आणि सुवर्ण रशियाला.

पुढे गुणांची रीतच बदलली. आता पहिल्याला ४, दुसऱ्याला ३, तिसऱ्याला २ आणि चौथ्याला शून्य. एकूण नऊ. आता तीच उदाहरणं पुन्हा मांडून पाहा :

- पहिला आणि दुसरा : ७-२
- पहिला आणि तिसरा : ६-३
- दुसरा आणि तिसरा, समोरच्यांचा पहिला आणि चौथा : ५-४

चौघांनीही शर्यत पूर्ण केली, तर बरोबरी होऊच शकत नाही. पण या यादीत आणखी एक गोष्ट लपलेली आहे. तिन्ही ओळींमध्ये हरणारी जोडी कोणती? ज्यांचा एक जण शेवटी आला, ती. त्यांचा दुसरा साथीदार पहिला असो, दुसरा असो की तिसरा, फरक पडत नाही.

म्हणजे पहिला कोण आला यावरून शर्यतीचा विजेता कळत नाही. शेवटचा कोण आला ते पाहा, कळेल.

गुणांमधली अंतरंही हेच सांगतात. दुसऱ्यावरून पहिल्यावर गेलात, तर एक गुण वाढतो. चौथ्यावरून तिसऱ्यावर गेलात, तर दोन. टीव्हीचा कॅमेरा पुढे पळणाऱ्यावर असतो, पण जास्त किमतीची झुंज बऱ्याचदा मागे चाललेली असते. आपल्याकडे किल्ल्यांवर ट्रेकला जाणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. गटातला सगळ्यात चपळ माणूस माथ्यावर कधी पोहोचला याला अर्थ नसतो. सगळ्यात मागचा पोहोचला, की गट पोहोचला.

ट्रॅकवर जोडीने खेळायचं म्हणजे काय करायचं?

कबड्डीत दोन बचावपटू हात धरून साखळी करतात आणि चढाई करणाऱ्याचा रस्ता अडवतात. स्पीडवेतली जोडी साधारण तेच करते, फक्त ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाने आणि हात न धरता.

सुरुवातीच्या रेषेवर चार जागा असतात. सहसा एका जोडीला पहिली आणि तिसरी जागा मिळते, दुसरीला दुसरी आणि चौथी. म्हणजे साथीदार शेजारी नसतो, मध्ये प्रतिस्पर्धी असतो. सुटल्यावर पहिल्या वळणात आतला रायडर थोडा बाहेरच्या बाजूला सरकतो. त्याने मधला प्रतिस्पर्धी बाहेर ढकलला जातो आणि साथीदाराला आत शिरायला फट मिळते. ती फट अर्धा सेकंदही राहत नाही. साथीदाराला ती कुठे पडणार हे आधीच माहीत असावं लागतं.

दोघेही पुढे निघाले, तर ते शेजारी-शेजारी धावतात. एक आतली वाट अडवतो, एक बाहेरची. मागच्या दोघांना जायला जागाच उरत नाही. हे दिसायला सोपं, पण करायला फार अवघड. कारण त्यासाठी जास्त वेगवान रायडरला आपला वेग साथीदाराच्या वेगाशी जुळवावा लागतो. ब्रेक नसलेल्या, घसरत चाललेल्या गाडीवर वेग 'थोडासा कमी' करणं हे स्वतंत्र कौशल्य आहे.

समजा, तुम्ही पहिले आहात, तुमचा साथीदार तिसरा आणि प्रतिस्पर्ध्यांचा एक जण तुम्हा दोघांच्या मध्ये आहे. तुम्ही सुसाट निघून गेलात, तर सहज पहिले याल. पण साथीदारामागे चौथा रायडर घिरट्या घालतोय. तो पुढे गेला, तर पहिले येऊनही तुम्ही हरलात. मग करायचं काय? पळायचं, की वेग कमी करून मधल्याची वाट अडवायची आणि साथीदाराला पुढे काढायचं? अडवताना चूक झाली आणि मधला रायडर तुमच्याही पुढे गेला, तरी साथीदार तिसरा राहिला तर ५-४ ने तुम्हीच जिंकता. पण दोघांनाही मागे टाकलं गेलं, तर सगळंच गेलं.

हा निर्णय घ्यायला कानात प्रशिक्षकाचा आवाज नसतो. गाडीला आरसा नसतो. मान वळवून मागे बघायची एक झलक आणि साथीदाराची सवय, एवढ्यावर सगळं चालतं.

ही स्पर्धा नवी आहे का?

नाव नवं आहे, कल्पना जुनी. जोड्यांची जागतिक स्पर्धा १९६८ आणि १९६९ मध्ये अनधिकृतपणे झाली. १९७० मध्ये तिला अधिकृत दर्जा मिळाला. स्वीडनच्या माल्मो शहरात झालेली ती पहिली अधिकृत अंतिम फेरी न्यूझीलंडच्या रॉनी मूर आणि आयव्हन मेजर यांनी जिंकली. मूर १९५० च्या दशकातला दोन वेळचा विश्वविजेता, तर मेजर कारकिर्दीत एकूण सहा वेळा विश्वविजेता झाला.

१९७० ते १९९३ या २४ वर्षांत डेन्मार्कने ८, इंग्लंडने ७, स्वीडनने ४, अमेरिकेने ३, तर न्यूझीलंड आणि पोलंडने प्रत्येकी एक विजेतेपद मिळवलं.

या यादीत काही माणसं वेगळी उठून दिसतात. इंग्लंडचा पीटर कॉलिन्स चार वेळा जिंकला : १९७७, १९८०, १९८३ आणि १९८४. चारही वेळा साथीदार वेगळा. त्याचाच देशबंधू माल्कम सिमन्स १९७६, १९७७ आणि १९७८ अशी सलग तीन वर्षं जिंकला, तोही तीन वेगळ्या साथीदारांबरोबर. आपली चाल दुसऱ्याच्या चालीशी जुळवून घेणं ही शिकता येणारी आणि टिकवता येणारी विद्या आहे, याचा यापेक्षा मोठा पुरावा सापडणं कठीण.

दुसरं उदाहरण डेन्मार्कचं. एरिक गुंडरसन आणि हान्स नील्सन हे त्या काळातले सगळ्यात कट्टर प्रतिस्पर्धी. १९८४ पासून १९८९ पर्यंतची सहाही वैयक्तिक विश्वविजेतेपदं या दोघांनी आपसात वाटून घेतली, प्रत्येकी तीन. पण जोडी स्पर्धेत तेच दोघे शेजारी-शेजारी धावायचे आणि जिंकायचे. डेन्मार्कने १९८५ ते १९९१ अशी सलग सात विजेतेपदं मिळवली.

१९९३ नंतर मात्र जोड्यांची ही स्वतंत्र स्पर्धा थांबली आणि सांघिक विश्वचषकात विलीन झाली.

मग ती परत का आली?

२००१ पासून २०१७ पर्यंत देशांची मोठी स्पर्धा म्हणजे स्पीडवे विश्वचषक. त्यात मोठा संघ लागायचा. अडचण अशी, की स्पीडवे मुळात मोजक्या देशांचा खेळ आहे. पोलंड, ब्रिटन, स्वीडन, डेन्मार्क, ऑस्ट्रेलिया ही ठरलेली नावं. एखाद्या लहान देशात एक-दोन उत्तम रायडर निघतात, पण चार-पाच नाही.

आंतरराष्ट्रीय मोटरसायकल महासंघाच्या छत्राखाली २०१८ मध्ये विश्वचषकाच्या जागी स्पीडवे ऑफ नेशन्स आली. दोन चांगले रायडर असले की देश शर्यतीत. पहिली तिन्ही वर्षं, २०१८, २०१९ आणि २०२०, रशिया जिंकला. त्या देशाकडे सायफुतदिनोव्ह आणि लागुता असे दोन अव्वल रायडर होते आणि या स्पर्धेला दोनच पुरतात.

२०२१ मध्ये ग्रेट ब्रिटन जिंकला. २०२२ मध्ये युक्रेनवरच्या आक्रमणानंतर महासंघाने रशियन रायडरांना आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून बाहेर ठेवलं. त्या वर्षी डेन्मार्कमधल्या वोयेन्स इथे ऑस्ट्रेलियाने बाजी मारली. २०२३ मध्ये मोठ्या संघांचा विश्वचषक पुन्हा भरला आणि २०२४ मध्ये मँचेस्टरला झालेली जोड्यांची स्पर्धा पुन्हा ब्रिटनने जिंकली.

पोलंडचं कोडं काय आहे?

स्पीडवेची खरी राजधानी पोलंड. तिथे हा खेळ फुटबॉलच्या बरोबरीने पाहिला जातो. जगातले बहुतेक अव्वल रायडर तिथल्या लीगमध्ये खेळतात, कारण सगळ्यात जास्त पैसा तिथेच आहे. बार्तोश झ्मार्झ्लिक हा या काळातला सर्वोत्तम रायडर पोलिश आहे. २०१९ ते २०२४ या सहा वर्षांत तो पाच वेळा विश्वविजेता झाला. मोठ्या संघांचा विश्वचषक तर पोलंडने कितीतरी वेळा जिंकला, २०२३ चासुद्धा.

पण जोडीत? १९७० ते १९९३ मध्ये एकच विजेतेपद. १९७१ मध्ये घरच्याच मैदानावर, रिबनिक शहरात, येझी श्चाकेल आणि आंद्झेय विग्लेंदा यांनी ते मिळवलं. २०१८ ते २०२४ दरम्यान जोड्यांच्या सहा स्पर्धा झाल्या, त्यात एकही नाही.

याला निव्वळ दुर्दैव म्हणता येईल, कारण शेवटी एकाच शर्यतीवर निकाल लागतो. पण नियमांकडे पाहिलं, तर एक कारण दिसतं. मोठ्या संघाच्या स्पर्धेत ताकद खोलीतून येते. पाचवा रायडरही चांगला असेल, तर एखाद्याचा वाईट दिवस झाकला जातो. तिथे पोलंडला तोड नाही. जोडीत ती खोली उपयोगी पडत नाही. राखीव खेळाडूंची फौज घरी बसते आणि ट्रॅकवर दोघेच उरतात. त्यातला एक जगातला सर्वोत्तम असला, तरी त्याला जास्तीत जास्त चारच गुण मिळतात. उरलेलं काम दुसऱ्याचं.

यात धोका किती?

स्पीडवेत अपघात नवे नाहीत. पण जोडी स्पर्धेत धोक्याला आणखी एक पदर असतो. तुम्ही मुद्दाम दुसऱ्याच्या अगदी जवळून गाडी चालवत असता. साथीदाराचं हँडल तुमच्यापासून हातभर अंतरावर असतं. तो घसरला, तर तुम्हीही जाणार.

स्वीडनचा टॉमी यानसन १९७३ आणि १९७५ मध्ये अँडर्स मिखानेकबरोबर जोडीचा विश्वविजेता झाला. पुढच्याच वर्षी, मे १९७६ मध्ये, स्टॉकहोममधल्या एका शर्यतीत अपघात होऊन त्याचा मृत्यू झाला. तेव्हा तो २३ वर्षांचा होता.

गुंडरसनचीही गोष्ट अशीच संपली. १९८९ मध्ये त्याने नील्सनबरोबर जोडीचं विजेतेपद राखलं. त्यानंतर काही आठवड्यांनी इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डला सांघिक विश्वचषकाची अंतिम फेरी होती. पहिल्याच शर्यतीत, पहिल्या वळणावर गाड्या एकमेकींवर आदळल्या. गुंडरसन वाचला, पण त्याची कारकीर्द तिथेच थांबली.

आता वळणांवर हवेने भरलेल्या भिंती असतात. त्यांनी धक्का कमी होतो. धोका मात्र गेलेला नाही. ब्रेक नसलेल्या गाडीवर दुसऱ्यासाठी आपली वाट बदलायची, तर त्या दुसऱ्यावर पूर्ण विश्वास असावा लागतो.

पण हे न्यायाचं आहे का?

यावर चाहत्यांमध्ये सरळ दोन तट आहेत.

एका बाजूचं म्हणणं : शर्यत म्हणजे शर्यत. जो पहिला आला तो जिंकला, हे लहान मुलालाही कळतं. नव्या प्रेक्षकाने टीव्ही लावला आणि पहिल्या आलेल्या रायडरने मान खाली घातलेली पाहिली, तर त्याला काय समजणार? शिवाय २१ शर्यती खेळून अव्वल आलेल्या देशाचं भवितव्य एका मिनिटावर सोपवणं कितपत बरोबर?

दुसऱ्या बाजूचं म्हणणं : मग जोडी म्हणायचंच कशाला? पहिल्याला भरपूर गुण दिले, तर एका महान रायडरच्या जिवावर देश जिंकेल आणि दुसरा नावापुरता उरेल. शेवटच्याला शून्य आणि तिसऱ्याला दोन दिल्यामुळे चौथ्या क्रमांकावरचा माणूसही शेवटच्या मीटरपर्यंत झगडतो.

दुसरी बाजू अधिक पटते. कारण बॅडमिंटनच्या दुहेरीत किंवा क्रिकेटच्या भागीदारीत आपण हेच मान्य केलेलं असतं. एकाने शतक ठोकलं, तरी दुसऱ्या टोकाला कुणी उभं राहिलं नाही, तर धावसंख्या लढण्याजोगी होत नाही. स्पीडवेने तीच गोष्ट आकड्यांत बसवली, इतकंच. एका शर्यतीवर विजेतेपद ठरवण्याबद्दलची तक्रार मात्र रास्त आहे आणि ती राहणारच.

ब्रिटनच्या गोष्टीचा शेवट काय झाला?

ऑक्टोबर २०२१. मँचेस्टर. अंतिम शर्यतीत ग्रेट ब्रिटनसमोर पोलंड. ब्रिटनकडून रॉबर्ट लॅम्बर्ट आणि डॅन ब्यूली. हा लॅम्बर्ट २०१८ मध्ये व्रोत्स्वाफला ब्रिटनच्या संघात होता, तेव्हा २० वर्षांचा. पोलंडकडून झ्मार्झ्लिक आणि माचेय यानोव्स्की. गंमत म्हणजे ब्यूली आणि यानोव्स्की त्याच मोसमात पोलंडच्या लीगमध्ये एकाच क्लबकडून खेळत होते, आणि तो क्लब होता व्रोत्स्वाफचा.

झ्मार्झ्लिक पहिला आला. त्याच्या मागे दोन्ही ब्रिटिश रायडर, दुसरे आणि तिसरे. यानोव्स्कीला गुण मिळवता आला नाही. निकाल ५-४. ब्रिटनला सुवर्ण, पोलंडला रौप्य. १९८९ मध्ये ब्रॅडफर्डला इंग्लंडने सांघिक विश्वचषक जिंकल्यानंतर, तब्बल ३२ वर्षांनी, ब्रिटनकडे देशांच्या स्पर्धेचं विजेतेपद आलं होतं.

तीन वर्षांपूर्वी ज्या गणिताने ब्रिटनचं सुवर्ण नेलं होतं, त्याच गणिताने ते परत आणून दिलं. अंतिम रेषा सगळ्यांत आधी ओलांडणारा रायडर दोन्ही वेळा हरलेल्या जोडीतला होता.

तेव्हा कधी ही शर्यत पाहण्याचा योग आला, तर पहिल्या वळणानंतर पुढे निघालेल्याकडे एक नजर टाका आणि मग लगेच मागे बघा. तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकावर कुणाची झटापट चालली आहे? सुवर्णपदक बहुधा तिथे ठरत असेल.